व्हिजिट झाली नाही, कारण कोविड

गेल्या आठवड्यात एका जुन्या ट्रायलची, म्हणजे औषधाच्या चाचणीची, खोकी भरत होते. ट्रायल संपली, क्लोज-आउट झाला, आता सगळ्या फायली पुठ्ठ्याच्या खोक्यांत घालून गोडाऊनला पाठवायच्या, मग पुढची कित्येक वर्षं त्या तिथे पडून राहणार, कोणी तपासायला आलं तरच उघडणार. तर चौथ्या खोक्यात डेव्हिएशन लॉग, म्हणजे नियमाप्रमाणे जे झालं नाही त्याची वही, टाकता टाकता सहज उघडला आणि तिथेच फरशीवर बसून वाचत राहिले. मार्च २०२० पासून पुढे पानंच्या पानं एकच ओळ, इंग्रजीत, माझ्याच अक्षरात. व्हिजिट झाली नाही, कारण कोविड. सही, तारीख. व्हिजिट झाली नाही, कारण कोविड. सही, तारीख. शाळेत शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावायचे ना, तसं दिसतंय ते. आणि त्या एकेका ओळीसाठी काय काय उपद्व्याप केले होते ते त्यात कुठेच नाही, म्हणून म्हटलं इथे तरी लिहून ठेवावं.

मी पुण्यात एका हॉस्पिटलच्या रिसर्च डिपार्टमेंटमध्ये कोऑर्डिनेटर आहे. आई सगळ्यांना सांगते "ती रिसर्चमध्ये आहे" आणि समोरच्याला वाटतं मी पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकात बघते. तसं काही नाही हो. नवीन औषध माणसांवर तपासलं जातं तेव्हा पेशंटला समजावणं, संमतीच्या कागदांचं बघणं, ठरल्या दिवशी त्यांना बोलावणं, रक्त काढून घेणं, ते रक्त बर्फात घालून कुरियरवाल्याकडे देणं, औषधाचा एकेक डोस मोजून ठेवणं, फ्रिजचं तापमान लिहिणं आणि हे सगळं केलं याचा पुरावा ठेवणं, हे माझं काम. डॉक्टर असतात, त्यांना आम्ही पीआय म्हणतो, जबाबदारी त्यांची. धावपळ आमची. आमच्या धंद्यात एक म्हण आहे, जे लिहिलं नाही ते झालंच नाही. ही म्हण मला एरवी पटते. २०२० ने मात्र तिचा पार चोथा केला.

तेव्हा आमच्याकडे संधिवाताच्या औषधाची ट्रायल चालू होती. दर दोन आठवड्यांनी एक इंजेक्शन, ते खरं औषध आहे की नुसतं पाणी हे ना पेशंटला माहीत ना आम्हाला. प्रत्येक व्हिजिटला तीन दिवस मागेपुढे चालतं, त्याला विंडो म्हणतात, त्याच्या बाहेर गेलं की डेव्हिएशन. अख्खी ट्रायल या विंडोवर चालते. घड्याळाचा काटा आहे तो.

९ मार्चला पुण्यात कोविडचे पहिले दोन पेशंट सापडले, दुबईहून आलेले, नायडू हॉस्पिटलला. त्याच आठवड्यात आमची मॉनिटर आलेली, म्हणजे कंपनीच्या वतीने आमचे कागद तपासणारी बाई. जाताना म्हणाली, चला, पुढच्या महिन्यात भेटू, त्या तीन फायली तेवढ्या तयार ठेवा. मी ठेवल्या. ती परत आली तेव्हा मधे जवळजवळ वर्ष गेलं होतं.

२२ ला जनता कर्फ्यू झाला आणि २४ च्या रात्री आठ वाजता २१ दिवसांचं लॉकडाऊन जाहीर झालं. लोक किराण्याला धावले आणि मला पहिला विचार आला फ्रिजचा. खरंच सांगते. औषध दोन ते आठ डिग्रीमध्येच राहायला लागतं, तापमान रोज दोन वेळा लिहायचं असतं, आत लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारं यंत्र, असतो पण त्याच्यावर एकट्यावर विसंबून चालत नाही, आणि लाईट गेली तर जनरेटरवर ती लाईन आहे की नाही हे मलाच नीट माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आमच्या रस्त्याच्या टोकाला बांबू लावले. पास मिळेपर्यंत पाच दिवस गेले. ते पाच दिवस कोणी सांभाळले? तर आमच्या मजल्याच्या वॉचमन काकांनी. त्यांना मी फोनवर सांगितलं, काका, काचेच्या दाराचा फ्रिज आहे ना, त्याच्यावर लाल आकडे दिसतात, त्याचा सकाळ संध्याकाळ फोटो काढून व्हॉट्सॲप करा. त्यांनी केलं. एकदाही चुकले नाहीत. एका संध्याकाळी फोटोसोबत मेसेज, "म्याडम आठ पाईंट एक दाखवतय", माझं धाबं दणाणलं, मग लगेच दुसरा फोटो, "दार नीट लागल नवत, लावल, आता सहा". लॉगर वाचला तेव्हा कळलं, ते आठच्या वर गेलेलं जेमतेम चार मिनिटं. त्यांनी बघितलं नसतं तर रात्रभर दार उघडं राहिलं असतं आणि लाखोंचं औषध फेकायला लागलं असतं.

यावर आम्हाला नंतर प्रश्न काय आला, की ज्या व्यक्तीने तापमान नोंदवलं तिचं नाव डेलिगेशन लॉगवर, म्हणजे कोणी कुठलं काम करायचं त्या यादीत, नाही आणि तिच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट फायलीत नाही. बरोबरच आहे म्हणा नियमाने. मी उत्तर लिहायला अर्धा दिवस घेतला.

पेशंटचं तर विचारूच नका. आमचे निम्मे पेशंट पुण्याबाहेरचे, कोणी बारामतीकडचं, कोणी नगरचं, कोणी साताऱ्याकडचं. एसटी बंद, जिल्ह्याच्या सीमा बंद. त्यातून संधिवाताच्या औषधांनी प्रतिकारशक्ती कमी होते, त्यामुळे सगळे घाबरलेले, इंजेक्शन घेऊ की बंद करू, रात्री अकराला फोन. आणि त्याच सुमारास हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा घोळ झाला. हे औषध म्हणजे आमच्या पेशंटांची रोजची भाकरी, वर्षानुवर्षं घेतात. मार्चच्या शेवटी आयसीएमआरने, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने, ते कोविडच्या पेशंटांजवळ काम करणाऱ्यांना आणि घरातल्या संपर्कातल्या लोकांना प्रतिबंधक म्हणून घ्यायला सांगितलं, तिकडे अमेरिकेचे अध्यक्ष टीव्हीवर त्याचे गोडवे गायला लागले, आणि दोन दिवसांत मेडिकलमधून गोळ्या गायब. ज्यांना काही झालेलं नाही त्यांनी कपाटात भरून ठेवल्या आणि ज्यांची बोटं सुजलेली ते दुकानं पालथी घालतायत. सरकारने मग ते औषध चिठ्ठीशिवाय मिळणार नाही असं केलं, तर आमच्या पेशंटांकडे चिठ्ठी होती पण जुनी, नवी द्यायला ओपीडी कुठे चालू होती. आमच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या नियमावलीत, लिहिलेलं की ही गोळी चालू असेल तर डोस बदलायचा नाही, स्थिर पाहिजे. आता गोळीच नाही तर स्थिर काय कपाळ राहणार? लॉगमध्ये गेली ओळ. डोस चुकला, कारण कोविड.

लोणंदच्या एक मावशी होत्या, नाव गाव बदलतेय, साधारण त्या भागातल्या. दहा इंजेक्शनं झालेली, पहिल्यांदाच मूठ वळायला लागली होती त्यांची, मला मूठ करून दाखवायच्या. त्या म्हणाल्या, "ताई, माझं औषध थांबवू नका बरं का." औषध घरपोच द्यायचं तर ते एथिक्स कमिटीला, म्हणजे पेशंटांच्या हिताकडे बघणाऱ्या समितीला, कळवायला लागतं, कमिटीची मीटिंग घ्यायची तर किमान पाच जण हवेत, त्यात एक वकील, एक सामान्य माणूस म्हणजे डॉक्टर नसलेला असा. ती मीटिंग झाली झूमवर. आमचे सामान्य माणूस म्हणजे बँकेतून रिटायर झालेले एक आजोबा, ते पाऊण तास म्यूटवर बोलत होते. पण सगळ्यात चांगला प्रश्न त्यांनीच विचारला, की कुरियरचा माणूस खोकं घेऊन दारात गेला की शेजाऱ्यांना कळणार यांना काहीतरी आजार आहे, आत्ताच्या दिवसांत गावात काय अर्थ काढतील? आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं ते. तेव्हा गावागावात ताप आला म्हणून वाळीत टाकल्यासारखं वागत होते लोक.

मग ठरलं आपणच जायचं. पीआय सरांनी स्वतःची गाडी काढली, मागच्या सीटवर आईस बॉक्स, त्याला सीट बेल्ट लावलेला, आत जेल पॅक, लॉगर आणि तीन इंजेक्शनं. हॉस्पिटलचं पत्र, पोलिसांचा पास. कात्रजचा बोगदा इतका रिकामा मी जन्मात बघितला नव्हता, खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर कुत्री झोपलेली. सारोळ्याला नीरेच्या पुलावर नाकाबंदी, पलीकडे सातारा जिल्हा. पलीकडून मावशींचा मुलगा बाईकवर आलेला. पोलीस म्हणाले गाडी पुढे जाणार नाही, जे द्यायचं ते इथेच द्या. दुपारी बारा-साडेबाराचं ऊन, मी बॉक्स घेऊन पुलावर, मधे बॅरिकेड, त्याच्यावर फॉर्म ठेवून मुलाची सही घेतली, पेन सॅनिटायझरने पुसलं तर सहीची शाई पसरली. एक हवालदार विचारत होते काय आहे यात, लस का? मे महिना सुरू होता हो, लस कुठली. सर म्हणाले नाही, संधिवाताचं औषध. ते म्हणाले, "मग माझ्या आईला पण द्या की."

इंजेक्शन टोचायला मी व्हिडिओ कॉलवर शिकवलं, सून शिकली पटकन. पण खरं घोडं अडलं ते तपासणीत. संधिवाताच्या ट्रायलमध्ये औषध लागू पडलं की नाही हे ठरवायला डॉक्टर अठ्ठावीस सांधे हाताने दाबून बघतात, किती दुखतात, किती सुजलेत, ते मोजतात. मनगट, कोपर, बोटांची पेरं, गुडघे. हे फोनवर कसं करणार? सरांनी एकदा प्रयत्न केला, सूनबाईंना सांगितलं इथे दाबा, आता इथे, मावशी "अगं आई गं" म्हणून ओरडल्या तेव्हा नेमकं नेटवर्क गेलं, परत आलं तेव्हा कुठला सांधा होता यावरून सासू-सुनेत वाद. अर्थात त्यातलं काही डेटात धरता येत नव्हतंच, धरलंही नाही. ज्या एका आकड्यासाठी करोडो रुपये खर्चून ट्रायल चालवली तोच आकडा त्या चार महिन्यांत रिकामा. महामारीने रिसर्चचं काय नुकसान केलं असं कोणी विचारलं तर मी तो रिकामा रकाना दाखवीन. औषध पोचवता येतं, रक्त तिथल्या लॅबमध्ये तपासता येतं, तिथली नॉर्मल रेंज वेगळी, रिपोर्ट व्हॉट्सॲपवर वाकडा फोटो काढून येतो, पण तेही निभावतं. सांधा दाबणारा हात मात्र पाठवता येत नाही.

बाकी रडगाणं थोडक्यात. विमानं बंद, त्यामुळे परदेशातल्या लॅबला जाणारी सॅम्पल्स फ्रीझरमध्ये साठत गेली. कोरडा बर्फ, म्हणजे ड्राय आईस, मिळेना. रक्ताच्या किट्सची तारीख उलटून गेली, नवीन यायला जुलै उजाडला. आमच्या एका पेशंटला काही त्रास नसताना पॉझिटिव्ह आला म्हणून बालेवाडीच्या कोविड सेंटरला नेऊन ठेवलं, आता ट्रायलमधला माणूस हॉस्पिटलात भरती झाला की तो सीरियस प्रकार, चोवीस तासांच्या आत कळवावा लागतो, पण कॅरम खेळत बसलेला माणूस भरती धरायचा का? तिघांना विचारलं, तीन उत्तरं आली.

आणि पैसे. हे कोणी लिहीत नाही म्हणून लिहिते. साईटला, म्हणजे ट्रायल चालते त्या हॉस्पिटलला, पैसे पेशंटच्या व्हिजिटप्रमाणे मिळतात. व्हिजिट नाही तर बिल नाही. आमच्यापैकी बरेच कोऑर्डिनेटर हॉस्पिटलच्या पगारावर नसतात, मधल्या एजन्सीच्या असतात. एप्रिलपासून माझा पगार निम्मा झाला, माझ्या शेजारच्या टेबलवाल्या मुलीला तर मेमध्ये फोनवरच सांगितलं की उद्यापासून नको. तिच्या आठ पेशंटांच्या फायली माझ्याकडे आल्या. तीच एजन्सी त्या वर्षी कोविड योद्ध्यांचे आभार मानणाऱ्या पोस्टी टाकत होती, असो.

जूनपासून चित्र उलटलं. जुन्या ट्रायली आयसीयूत आणि कोविडच्या ट्रायलींचा महापूर. आमची रिसर्चची खोली पीपीई घालायची खोली झाली, माझं टेबल जिन्याखाली आलं. जगात जे मिळेल ते औषध कोविडवर तपासून बघायची घाई चाललेली, त्यातली एक आमच्याकडे आली. संमती घ्यायला मी पीपीई घालून वॉर्डात, पाठीवर मार्करने नाव लिहिलेलं, चष्म्यावर वाफ, पेशंटच्या नाकाला ऑक्सिजन, मशीनचा आवाज, आणि माझ्या हातात अठरा पानी फॉर्म. शांतपणे वाचा, घरच्यांशी चर्चा करा, वेळ घ्या असं आम्ही एरवी सांगतो. कोणाशी चर्चा करणार, घरचे गेटच्या बाहेर. एका आजोबांना सही येत नव्हती, अंगठा घ्यायचा तर निष्पक्ष साक्षीदार समोर पाहिजे, तो वॉर्डात यायला तयार नाही, शेवटी काचेच्या पलीकडून उभा राहिला आणि मी फॉर्मचं एकेक पान काचेला लावून वाचलं. फॉर्म बाहेर आणता येत नव्हता म्हणून काचेतून फोटो काढले, मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत कितीतरी दिवस. नातेवाईकांचं एकच, "ट्रायलबियल नको मॅडम, रेमडेसिविर द्या."

आमच्या त्या कोविड ट्रायलचं सांगू का, काही झालं नाही. परवानग्या येईपर्यंत पहिली लाट ओसरायला लागली, मधेच इंग्लंडच्या रिकव्हरी ट्रायलचा डेक्सामेथासोनचा निकाल १६ जूनला आल्यावर सगळ्यांच्या उपचारात ते स्टेरॉइड आलं, मग आमचा प्रोटोकॉल बदला, परत कमिटी, परत सह्या. पुरेसे पेशंट मिळालेच नाहीत. अशा छोट्या छोट्या ट्रायली किती निघाल्या, प्रत्येकाचं घर वेगळं, चूल वेगळी, आणि एकीच्याही आकड्यांतून ठाम काही सांगता येईना. इंग्रजांनी एकच मोठी ट्रायल काढली, फॉर्म आटोपशीर ठेवले, अख्ख्या देशातली हॉस्पिटलं त्यात घातली आणि तीन महिन्यांत जगाला सांगितलं की हे स्वस्तातलं औषध व्हेंटिलेटरवरच्या लोकांचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी करतं आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचा दाखल पेशंटांना उपयोग नाही. म्हणजे आमच्या मावशींच्या गोळ्या ज्यासाठी पळवल्या ते फुकटच.

आपल्याकडेही एक काम फार चांगलं झालं, त्याचं कौतुक पुरेसं झालं नाही. आयसीएमआरची प्लॅसिड नावाची प्लाझ्माची ट्रायल, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला प्लाझ्मा आजाऱ्यांना देऊन बघायची. ३९ हॉस्पिटलं, ४६४ पेशंट, एप्रिल ते जुलै २०२० मध्ये म्हणजे ऐन गोंधळात केलेली, ऑक्टोबरमध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. निष्कर्ष, प्लाझ्मा दिल्याने आजार गंभीर होणं किंवा मृत्यू काही कमी होत नाहीत. मी तेव्हा तो पेपर प्रिंट काढून टेबलावर चिकटवला होता, कारण ते लोक कुठल्या परिस्थितीत कागद भरत असतील ते मला माहीत होतं. आणि मग एप्रिल २०२१. दुसरी लाट. सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या ग्रुपवर, दर पाच मिनिटांनी, बी पॉझिटिव्ह प्लाझ्मा हवा, अर्जंट, फॉरवर्ड करा. माझ्या मामेभावाला ऑक्सिजन लागला तेव्हा वहिनीचा फोन, डॉक्टरांनी प्लाझ्मा आणायला सांगितलाय, तुझ्या ओळखीचं कोणी? मला निकाल पाठ होता. आकडे पाठ होते. मी काय केलं? तोंडातून शब्द फुटला नाही आणि मी चाळीस ठिकाणी मेसेज फॉरवर्ड केला. दोन वाजता रात्री डोनर मिळाला. भाऊ वाचला, प्लाझ्मामुळे नाही हे मला माहीत आहे, वहिनीला आजही वाटतं त्यामुळेच. त्यानंतर महिनाभरात, मेमध्ये, सरकारने प्लाझ्मा उपचारांच्या यादीतून काढला. मी वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

लसीच्या ट्रायली आमच्या साईटवर नव्हत्या. पण ऑगस्ट २०२० च्या शेवटी पुण्यात कोविशील्डची ट्रायल सुरू झाली, देशभर मिळून १६०० स्वयंसेवक, आणि ज्या शेजाऱ्यांनी मार्चमध्ये मला लिफ्ट वापरू नको म्हणून सांगितलं होतं तेच विचारायला लागले, "आम्हाला घुसव ना कुठेतरी." सप्टेंबरमध्ये परदेशातल्या एका स्वयंसेविकेच्या आजारपणामुळे ती काही दिवस थांबवली तेव्हा तेच म्हणाले बघा, आम्ही सांगत होतो. आईसुद्धा म्हणाली, थांबवली म्हणजे काहीतरी लपवत असणार. तिला सांगितलं, अगं लपवायचं असतं तर थांबवली असती का? तिला ते पटलं, शेजाऱ्यांना नाही.

मॉनिटर प्रत्यक्ष आली २०२१ च्या सुरुवातीला. तोपर्यंत आम्ही सगळे सोर्सचे, म्हणजे मूळ नोंदींचे, कागद स्कॅन करून, त्यावरची पेशंटची नावं काळ्या मार्करने खोडून पाठवत होतो, त्या मार्करच्या वासाने अजून डोकं दुखतं. ती आली, तीन दिवस बसली, आणि वर्षभराच्या शंका एकदम. एक महत्त्वाची, एक मजेशीर, एक निव्वळ छळ. सारोळ्याच्या फॉर्मवर तिने चिठ्ठी लावली, सही अस्पष्ट आहे, खुलासा द्या. मी लिहिलं, सॅनिटायझर.

मावशींनी ट्रायल पूर्ण केली. ऑगस्टमध्ये एसटी सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात आल्या, सरांनी अठ्ठावीस सांधे दाबले, मोजले, लिहिले. त्या जाताना मूठ करून दाखवायला विसरल्या नाहीत. त्यांना खरं औषध मिळत होतं की पाणी, ते शेवटी कळलं, पण ते मी इथे सांगणार नाही, सांगायची परवानगी नाही.

तर खोकी. फ्रिजच्या तापमानाच्या फायलीत वॉचमन काकांचे ते फोटो आहेत, व्हॉट्सॲपवरून प्रिंट काढून, प्रत्येकावर मी सही करून, तारीख टाकून, मूळ फोटोची खरी प्रत असं लिहिलेले. दहा फोटो, त्यात एक आठ पाईंट एकचा. सगळे बघून परत लावत होते तर एका फोटोत फ्रिजच्या काचेत काका स्वतः दिसतात, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात टॉर्च, तोंडाला मफलर गुंडाळलेला. इतक्या वर्षांत ना मला दिसलं ना मॉनिटरला. आता नियमाने बघितलं तर ट्रायलशी संबंध नसलेल्या माणसाचा चेहरा फायलीत राहता कामा नये, मार्करने खोडायला पाहिजे. मार्कर समोरच होता. मी पान तसंच लावलं आणि खोक्याला टेप मारला.